पन्नास हजार केल्विनवरून खाली

महाराष्ट्राला समुद्रकिनारा किती? शाळेतला कुठलाही पोर सांगेल, ७२० किलोमीटर. भूगोलाच्या पुस्तकात तसं छापलेलं असतं. केंद्र सरकारच्या जुन्या तक्त्यात मात्र हाच किनारा ६५२.६ किलोमीटर होता आणि गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तो ८७७.९७ किलोमीटर झाला. त्याच अहवालात अख्ख्या देशाचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. साडेतीन हजार किलोमीटरची वाढ झाली, आणि समुद्राने कुणाला एक गुंठाही जमीन दिली नाही.

बदलली ती मोजपट्टी. १९७० च्या दशकातली मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी १:२,५०,००० प्रमाणाची. पहिल्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. तिथे मालवणसमोरचं कुरटे बेट, म्हणजे अख्खा सिंधुदुर्ग किल्ला, जेमतेम पेन्सिलीच्या टोकाएवढा. आचरा आणि कर्लीच्या खाड्या सरळ रेघेत बुजलेल्या. दुसऱ्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे २५० मीटर. तिथे किल्ल्याला आकार येतो, खाडी आत वळते, देवबागची चिंचोळी पट्टी समुद्र आणि नदी यांच्यामध्ये वेगळी दिसते. मोजणाऱ्यांनी भरतीची रेषा धरली, हे बरं केलं. मालवणातल्या एखाद्या रापणकाराला किनाऱ्याची लांबी विचारली तर तो आधी हेच विचारील, "भरतीचो सांगू की सुकतीचो?"

नकाशाचं प्रमाण १८ पट बारीक झालं आणि महाराष्ट्राची लांबी १.३५ पट झाली. या दोन आकड्यांतून ढोबळ हिशेब निघतो. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज हवामानतज्ज्ञाने किनाऱ्यांच्या आणि सरहद्दींच्या लांबीवर असाच खेळ केला होता, आणि १९६७ मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट यांनी त्याच्यावरून ब्रिटनचा किनारा किती लांब हा प्रश्न जगापुढे ठेवला. रिचर्डसनच्या नियमाने आपल्या किनाऱ्याची 'मिती' १.१० येते. सरळ रेघेची १ असते, ब्रिटनच्या दंतुर पश्चिम किनाऱ्याची १.२५. हाच नियम १ मीटरच्या पट्टीपर्यंत खाली ताणला तर महाराष्ट्राचा किनारा साधारण १,५५० किलोमीटर होईल, १ सेंटिमीटरच्या पट्टीला २,४८० च्या आसपास. तो इतका ताणू नये हे खरं. दोन बिंदूंवरून काढलेली रेघ आहे ती. पण मुद्दा पोचतो. लांबी हा किनाऱ्याचा गुणधर्म नाही, किनारा आणि पट्टी या जोडीचा आहे. टिकतो तो १.१० हा आकडा, पट्टी बदलल्यावर लांबी कशी बदलते ते सांगणारा.

भौतिकशास्त्रात 'रिनॉर्मलायझेशन ग्रुप' असं भारदस्त नाव असलेली जी पद्धत आहे, तिचा गाभा एवढाच. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. गणिताच्या अर्थाने तो धड 'ग्रुप'सुद्धा नाही. बारीक तपशील एका वेळी थोडा गाळायचा, गाळल्यामुळे उरलेल्याचे आकडे किती बदलले ते लिहून ठेवायचं, पुन्हा थोडा गाळायचा. आकड्याकडे पाहायचं नाही, तो कसा सरकतो ते पाहायचं. मितीचा हा खेळ आणि रिनॉर्मलायझेशन यांचं नातं आपल्याकडेही जुनं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हयात घालवलेले आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये गेलेले दीपक धर यांनी १९७७ मध्ये, अजून विद्यार्थी असताना, अपूर्णांकी मितीच्या जाळ्यांवर हा हिशेब नेमका करून दाखवला होता. सांख्यिकी भौतिकीतलं बोल्ट्झमन पदक २०२२ मध्ये त्यांना मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

किनाऱ्याच्या बाबतीत एक सोय असते. पट्टी दसपट बारीक केली की लांबी दर वेळी त्याच पटीत वाढते. इलेक्ट्रॉनच्या दुनियेत याहून कितीतरी वेगळा, मुलखाचा आळशी बदल भेटतो. त्याची गोष्ट सोन्यापासून सुरू होते.

१९३४ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला द हास, द बूर आणि व्हान डेन बेर्ख यांनी सोन्याची तार थंड करत नेली. धातू थंड केला की त्याचा विद्युतरोध घटतो, हे ठरलेलं. या तारेचा रोध ४ केल्विनच्या जवळपास येईपर्यंत घटला आणि मग, थंडी वाढत असताना, उलटा वाढू लागला. (० केल्विन म्हणजे उणे २७३.१५ सेल्सियस, त्याखाली काही नाही.) कारण कळायला ३० वर्षं गेली. १९६४ मध्ये जुन कोन्दो या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की सोन्यात चुकून राहिलेले लोहासारखे चुंबकीय अणू याला जबाबदार आहेत. अशा अणूचा स्पिन (त्याच्यातली चिमुकली चुंबकसुई म्हणा) जवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटा करतो, स्वतःही उलटतो, आणि या उलटापालटीमुळे तापमान उतरेल तशी दोघांची पकड घट्ट होत जाते. कोन्दोच्या सूत्रात मात्र एक खोट होती. तापमान शून्याकडे नेलं की रोध अनंताकडे जायचा. तसं काही होत नाही हे कुणालाही दिसत होतं, पण सूत्र कुठे आणि का मोडतं, ते सांगता येत नव्हतं.

ते सांगण्याची युक्ती फिलिप अँडरसन यांनी १९७० मध्ये दिली आणि तिला स्वतःच 'गरिबाची' पद्धत म्हटलं. तिच्यातले आकडे एकदा हाताने करून पाहावेत असे आहेत.

धातूतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तापमानाच्या भाषेत सांगता येते. सोन्यात ती वरच्या टोकाला ६० हजार केल्विनच्या पुढे जाते. आपण हिशेबाला सोपे ५० हजार धरू. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विनच्या आसपास आहे, म्हणजे तुमच्या अंगठीतले सगळ्यात चपळ इलेक्ट्रॉन त्याच्या आठपटीहून वरच्या ऊर्जेवर, अंगठी थंडगार असतानाही, वावरत असतात. आता अणूची आणि इलेक्ट्रॉनांची पकड सुरुवातीला ०.०५ आहे असं समजू. अँडरसनच्या पद्धतीने वरच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन एकेक थर गाळत खाली यायचं आणि प्रत्येक वेळी उरलेल्यांशी पकड किती झाली ते पाहायचं.

५० हजार केल्विनवरून निघालो. पकड ०.०५ ची दुप्पट, म्हणजे ०.१, केव्हा होते? २.२७ केल्विनला. सूर्याच्या आठपटीवरून थेट द्रव हेलियमच्याही खाली उतरलो, ऊर्जा २२,०२६ पट कमी केली, तेव्हा कुठे एकदा दुप्पट झाली. पुढची दुप्पट, ०.२, येते १५ मिलिकेल्विनला. आता फक्त १४८ पट खाली यावं लागलं. त्यापुढची, ०.४, सव्वा मिलिकेल्विनला. १२ पटीतच काम झालं. आणि ०.१ मिलिकेल्विनला, अंशाच्या दहा हजाराव्या भागाला, सूत्रातली पकड अनंत होते. त्या जागेला कोन्दो तापमान म्हणतात. खरी पकड अनंत होत नाही. एवढंच होतं की अणूच्या एकाकी स्पिनला भोवतालचे इलेक्ट्रॉन पूर्ण झाकून टाकतात आणि 'अणू वेगळा, इलेक्ट्रॉन वेगळे' अशी भाषाच निरुपयोगी ठरते.

या उतरणीतली खोच अशी, की सुरुवातीची पकड ०.०५ ऐवजी ०.१ असती तर कोन्दो तापमान २.२७ केल्विन आलं असतं. आरंभाचा एक लहानसा आकडा दुप्पट, आणि निकालात बावीस हजार पटीचा फरक. किनाऱ्याच्या घातांकी नियमात असं काही घडू शकत नाही. लॉगरिदममध्ये घडतं, आणि म्हणून ही समस्या साध्या अंदाजांनी सुटत नव्हती. ५० हजारापासून ०.१ हजारांशापर्यंतच्या प्रत्येक दशकाचा, म्हणजे दसपटीच्या टप्प्याचा, निकालात सारखाच वाटा आहे. मधलं एकही सोडून चालत नाही.

एवढं खाली खरोखर उतरायचं तर हेलियम लागतो, आणि हेलियमचा विषय निघाला की सिंधुदुर्गातला माणूस गप्प बसत नाही. देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथूनच हेलियम शोधला असं सांगतात. दर वर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलियमचा दिवसही साजरा होतो. ग्रहण खरं आहे. पिएर जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिलं, जॉन हर्शेल यांनी जमखंडीहून. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडात होते आणि सूर्याच्या कडेच्या ज्वाळांतली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरात, ग्रहणाची वाट न पाहता, घरच्या वर्णपटदर्शकातून पाहिली. पण ते विजयदुर्गाला आलेच नाहीत असंही नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांची मोहीम इथेच उतरली होती. तोवर विल्यम रॅमसे यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून बाहेर काढला होता. तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली, एवढंच. मला विचाराल तर खरी हकीकत दंतकथेपेक्षा कमी रंगतदार नाही: ज्याने सूर्यावर हेलियम पाहिला, तो माणूस तीस वर्षांनी या किल्ल्याच्या तटावर दुर्बिणी मांडून दोन मिनिटांच्या काळोखाची वाट पाहत उभा होता.

त्यानंतर दहा वर्षांनी, १० जुलै १९०८ ला, लायडनमध्ये कामर्लिंग ओन्नेस यांनी हेलियम द्रव केला. तो ४.२ केल्विनला उकळतो. त्याहून खाली जायला हेलियम-३ नावाचा हलका भाऊ लागतो. नैसर्गिक हेलियमच्या १० लाख अणूंत तो एखाददुसरा. हे दोघे एकमेकांत मिसळताना उष्णता ओढून घेतात आणि त्या जोरावर प्रयोगशाळेतली यंत्रं १०-२० मिलिकेल्विनला महिनोन्‌महिने टिकतात. मुंबईच्या टाटा संस्थेत याच्याही पलीकडे गेले आहेत. तिथे एस. रामकृष्णन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिवाहक होतो. आपल्या वरच्या हिशेबातल्या उतरणीचा शेवट, ०.१ मिलिकेल्विन, त्याच्याही पाचपट खाली आहे.

आता मोठे आकडे. कोन्दोचा प्रश्न नेमका सोडवायचा तर एक अणू आणि त्याच्याभोवतीचे सगळे इलेक्ट्रॉन एकत्र धरायला हवेत. केनेथ विल्सन यांनी कॉर्नेल विद्यापीठात याला एक रूप दिलं. ऊर्जेचे थर लॉगरिदमच्या मापाने पाडायचे, प्रत्येक थराचा एक मणी करायचा, आणि मण्यांची साखळी अणूला जोडायची. प्रत्येक मण्याला चार अवस्था: रिकामा, वर स्पिनचा एक इलेक्ट्रॉन, खाली स्पिनचा एक, किंवा दोन्ही. थर दुपटीचे पाडले तर साखळीतला प्रत्येक पुढचा मणी आधीच्यापेक्षा १.४१ पट कमी ऊर्जेचा, म्हणजे ६० मण्यांत आपण सुमारे १०० कोटी पट खाली उतरतो. सोन्याच्या ५० हजारावरून कोन्दो तापमानाच्याही खाली, शून्याच्या चांगलंच जवळ.

पण ६० मण्यांच्या एकूण अवस्था किती? ४ चा ६०वा घात. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दहाच्या पटीत नावं देत देत शेवट केला तो परार्धावर, १ वर १७ शून्यं. विश्वाचं वय सेकंदांत मांडलं तर ते सव्वाचार परार्धांच्या थोडं पुढे भरतं. म्हणजे काळाच्या कारभाराला परार्ध पुरतो. साखळीच्या अवस्थांना पुरत नाही: एक परार्ध गुणिले एक परार्ध आणि त्याच्या १३३ पट. पुण्यात सी-डॅककडे असलेला 'ऐरावत' महासंगणक २०२३ मध्ये जगातल्या पहिल्या शंभरात, पंचाहत्तराव्या जागी आला. त्याचा वेग सेकंदाला साडेआठ हजार लाख कोटी क्रिया. तो प्रत्येक अवस्थेला फक्त एकदा स्पर्श करून पुढे सरकला, दुसरं काहीही केलं नाही, तरी त्याला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ३६० पट वेळ लागेल.

विल्सन यांनी काय केलं, तर एक मणी जोडायचा, सगळ्यांत कमी ऊर्जेच्या हजारभर अवस्था ठेवायच्या, बाकीच्या टाकून द्यायच्या. पुढचा मणी जोडला की हजाराच्या चार हजार होतात. पुन्हा हजार ठेवायच्या. ६० टप्प्यांत हाताळल्या गेलेल्या अवस्था झाल्या २ लाख ४० हजार. परार्धांच्या गुणाकारातून हातात आले अडीच लाखांच्या आतले आकडे, आणि उत्तर टक्क्याच्या अपूर्णांकापर्यंत बरोबर. फेकलेल्या अवस्था खालच्या ऊर्जेच्या गोष्टींत ढवळाढवळ करत नाहीत, कारण प्रत्येक नवा मणी आधीच्यापेक्षा दुबळा असतो. १९७५ मध्ये हा निबंध छापून आला. १९८२ मध्ये विल्सन यांना नोबेल मिळालं, ते मुख्यतः प्रावस्था-बदलांवरच्या कामासाठी. कॉर्नेललाच शिकणाऱ्या एच. आर. कृष्णमूर्ती यांनी जॉन विल्किन्स आणि विल्सन यांच्यासोबत ही पद्धत चुंबकीय अणूच्या अधिक खऱ्या प्रतिकृतीवर चालवली. त्यांचे १९८० चे दोन लांबलचक निबंध आजही या विषयात शिरणाऱ्याला वाचावे लागतात. पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवत राहिले.

तोवर सगळी गोष्ट सोन्यात हरवलेल्या लोहाच्या अणूंची होती. त्यांना हात लावता येत नव्हता. १९८८ मध्ये ग्लाझमन-राइख आणि एन्‌जी-ली या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे म्हटलं की असा अणू माणसाला बनवता येईल, आणि १९९८ मध्ये डेव्हिड गोल्डहेबर-गॉर्डन व सहकाऱ्यांनी तो बनवून दाखवला. गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीत पृष्ठभागाखाली इलेक्ट्रॉनांचा एक सपाट थर असतो. वर सूक्ष्म विजाग्रं ठेवून त्यांना ऋण व्होल्टेज दिलं की थराचा एक तुकडा कोंडला जातो. तो क्वांटम डॉट. बाजू १०० नॅनोमीटरच्या आसपास. असे डॉट खेटून मांडले तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या ४८ एकरांत १९४ परार्ध बसतील. एका डॉटात इलेक्ट्रॉन असतात तीस-पन्नास. आत एक आणखी ढकलायला एक-दोन मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पडते, म्हणजे वीसेक केल्विन. त्यामुळे थंडीत इलेक्ट्रॉन मालवणच्या जेट्टीवरून किल्ल्याला जाणाऱ्या भरलेल्या होडीच्या नियमाने वागतात, एक उतरल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही. प्रवाह बंद.

इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असली तर मात्र एक स्पिन जोडीदाराविना उरतो. हाच आपला लोहाचा अणू, आणि आता त्याच्या पकडीचा स्क्रू बोटाने फिरवता येतो. विजाग्रावरचं व्होल्टेज थोडं बदललं की पकड ०.२ ची ०.३ होते, कोन्दो तापमान १५० मिलिकेल्विनवरून ८०० वर जातं. सोन्याच्या तारेत रोध वाढवणारा परिणाम इथे उलटं काम करतो: डॉट हा दोन बाजूंच्या तारांमधला एकमेव रस्ता असल्याने, झाकला गेलेला स्पिन दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रॉनांना जोडणारा पूल होतो. बंद वाट उघडते. किती उघडते त्यालाही निसर्गाची मर्यादा आहे, रोधाच्या भाषेत १२,९०६ ओहम. डॉट कसला, केवढा, कुणी बनवला, याचा तिथे संबंध नाही. २००० मध्ये डेल्फ्टच्या प्रयोगात ती मर्यादा गाठली गेली. त्या अवस्थेत १ मायक्रोव्होल्ट, म्हणजे खिशातल्या सेलच्या पंधरा लाखाव्या भागाएवढा दाब, दिला तर सेकंदाला ४८ कोटी इलेक्ट्रॉन त्या एकाच स्पिनच्या दारातून जातात. एकानंतर दुसरा, सरासरी दोन नॅनोसेकंदांनी.

इथपर्यंत विल्सन पुरतात. आता दाब वाढवू. १ मिलिव्होल्ट.

ऐकायला कमी वाटतं. पण १ मिलिव्होल्टने इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा तापमानात मोजली तर ११.६ केल्विन होते. यंत्र २० मिलिकेल्विनला आहे. म्हणजे एवढ्याशा दाबाने भोवतालच्या थंडीच्या ५८० पट ऊर्जेचा दरवाजा उघडला. डावीकडच्या तारेतला इलेक्ट्रॉनांचा समुद्र उजवीकडच्यापेक्षा तेवढा उंच झाला. समतोल गेला. आता 'सगळ्यांत कमी ऊर्जेच्या अवस्था ठेवा' या आज्ञेला अर्थ उरत नाही, कारण डावीकडून येणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेची अवस्था घेऊनच येतो, आणि विल्सन यांनी नेमकी तीच टाकून दिली होती. दुसरी अडचण साखळीची: ती ६० मण्यांत संपते. प्रवाह म्हणजे ऊर्जा सतत बाहेर वाहून जाणं. संपणाऱ्या साखळीच्या टोकावर तो आपटून परत येतो.

आधीच्या उतरणीवर हे कसं दिसतं ते पाहा. ०.०५ पकडीचं ते धातूचं उदाहरण घ्या आणि दोन बाजूंमध्ये १ मिलिव्होल्ट लावा. १५ मिलिकेल्विनपर्यंत उतरलो असतो तर पकड ०.२ झाली असती. पण डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनसाठी उतरण ११.६ केल्विनलाच थांबते. तिथे पकड फक्त ०.०८६. यंत्र कितीही थंड करा, पुढे सरकत नाही. व्होल्टेजने तळ वर उचलला.

अनेक वर्षं एवढंच पुरेसं मानलं जायचं: तापमानाच्या जागी व्होल्टेज लिहा आणि जुनी सूत्रं वापरा. ते चूक होतं, आणि चूक कुठे होती ते मजेशीर आहे. डावीकडून येऊन डावीकडेच परतणाऱ्या इलेक्ट्रॉनला व्होल्टेजचं सोयरसुतक नसतं. त्याची उतरण ११.६ केल्विनला थांबत नाही. तो आपल्या समुद्राच्या पातळीशी खाली खाली जातच राहतो. उजवीकडचाही तसाच. एकाच स्पिनवर तीन पकडी, तिघींच्या उतरणी वेगळ्या. मग त्यांना थांबवतं काय? प्रवाह स्वतः. जाणारा इलेक्ट्रॉन अधूनमधून स्पिनला उलटवतो आणि त्याची आधीची आठवण पुसून टाकतो. किती वेळाने? ढोबळ हिशेब पकडीच्या वर्गाने होतो: ०.०८६ चा वर्ग गुणिले ११.६ केल्विन, म्हणजे ०.०८६ केल्विन (आकडा तोच आला हा निव्वळ योगायोग). काळाच्या भाषेत सुमारे ९० पिकोसेकंद. इतक्या वेळात स्पिनला जे जमलं ते जमलं. त्याहून खालच्या ऊर्जेचं काही बांधून होईपर्यंत पाटी पुसलेली असते. उतरणीचा तळ बाहेरून कुणी ठरवत नाही, उतरताना जो प्रवाह तयार होतो तोच तळ ठरवतो, आणि तळावरून प्रवाह ठरतो. दोन्ही एकाच वेळी सोडवावे लागतात.

आखिम रोश, येन्स पास्के, योहान क्रोहा आणि पीटर व्योल्फ्ले यांनी २००३ मध्ये यावर तोडगा काढला. पकड हा एक आकडा न मानता ते ऊर्जेचं फलन मानलं, म्हणजे एका आकड्याच्या जागी अख्खी वक्ररेषा उतरणीवर सोडली. आकन विद्यापीठातल्या हर्बर्ट शोलर यांनी दुसरा रस्ता घेतला आणि मला तो या सगळ्यांत धीट वाटतो. दोन्ही तारांतले इलेक्ट्रॉन, परार्धांच्या गुणाकारातल्या अवस्थांसकट, त्यांनी सुरुवातीलाच कागदावर मिटवून टाकले. उरला एकटा डॉट. डॉटच्या, मण्यासारख्याच, चार अवस्था, त्यांच्या जोड्या १६. डॉटची पूर्ण स्थिती १६ आकड्यांत मावते आणि त्या स्थितीचा पुढचा प्रवास सांगणाऱ्या तक्त्यात १६ गुणिले १६, म्हणजे २५६ जागा. दहाच्या छत्तिसाव्या घातावरून २५६! किंमत मात्र चुकवावी लागते: त्या प्रत्येक जागी आकडा नसतो, काळाची आठवण ठेवणारं फलन असतं, आणि रिनॉर्मलायझेशनची उतरण त्या फलनांवर चालवावी लागते. यात वेळ थेट दिसतो. कळ दाबल्यापासून प्रवाह स्थिरावेपर्यंतचे पिकोसेकंद मोजता येतात.

ही पद्धत मुळात मोठ्या व्होल्टेजसाठी बांधलेली, जिथे पकड लहान राहते. २०१२ मध्ये मिखाईल प्लेत्युखोव आणि शोलर यांनी ती कोन्दो तापमानाच्या खाली, पार शून्य व्होल्टेजपर्यंत नेली, जिथे ती मोडायला हवी होती. मोडली नाही. १२,९०६ ओहमच्या मर्यादेच्या जवळ जाऊन पोचली. वेगळ्या वाटेनेही लोक तिथेच येऊ लागले आहेत: फ्रिट्योफ आंडर्स यांनी २००८ मध्ये विल्सनचीच साखळी वाहत्या अवस्थांवर बसवली, म्युनिकच्या यान फॉन डेल्फ्ट यांच्या गटाने २०१८ मध्ये साखळीचा वरचा भाग विल्सनच्या मापाने आणि व्होल्टेजच्या दरवाजातला भाग समान अंतराने पाडून दोन पद्धती एकमेकींना जोडल्या. एका डॉटपुरतं बोलायचं तर चित्र आता बऱ्यापैकी स्थिर आहे.

शेजारी दुसरा डॉट ठेवा. अवस्था १६, जोड्या २५६, तक्त्यात ६५,५३६ जागा. तिसरा ठेवला की अवस्था ६४, जोड्या ४,०९६ आणि जागा १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. विद्युतभार आणि स्पिन यांच्या जमाखर्चाचे नियम लावले की यातल्या बहुतेक शून्य ठरतात. उरतात त्या प्रत्येक जागी एक फलन, प्रत्येकाची आपली उतरण, आणि प्रत्येक उतरणीचा तळ बाकी सगळ्यांच्या प्रवाहावर अवलंबून.